नावेतली उशी

माझ्या नातीचा क्रूस मी जाळला. काडी ओढून, करवंटीत नीट रचून, वर फुंकर घालून जाळला. तेव्हा मी साठी ओलांडलेली होते, म्हणजे 'लहान होते, कळत नव्हतं' असं म्हणायचीही सोय नाही. जाळताना मी प्रार्थना म्हणत होते, हे त्यातल्या त्यात बरं म्हणावं की आणखी वाईट, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

क्रूस लाकडाचा नव्हता. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आमच्या चर्चमधून आशीर्वाद दिलेली झावळीची पाती मिळतात. घरी आणून त्यांचे छोटे छोटे क्रूस विणायचे आणि येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवायचे. वर्षभर ते तिथे धूळ खातात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराच्या आधी चर्चला परत द्यायचे. तिथे ते जाळतात आणि तीच राख आपल्या कपाळाला लागते. मधल्या काळात त्यांचं एकच काम. मोठं वादळ आलं की माझी सासू त्यातलं बोटभर पातं मोडायची, करवंटीत निखारा घेऊन त्यावर ठेवायची आणि दारात धूर करून प्रार्थना म्हणायची. बोटभर. हा शब्द सासूने मला चांगला दहादा सांगितला होता. पण सासूचं शहाणं बोलणं ऐकायचं नाही, असा माझा तरुणपणीचा नेम होता आणि तो मी इमानाने पाळला.

दुसऱ्या लाटेचा मे महिना होता. माझी मुलगी मुंबईच्या एका इस्पितळात नर्स आहे. करोनाच्या वॉर्डात ड्युटी लागल्यापासून ती तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होती. जावई आखातात नोकरीला, विमानं धड चालू नाहीत म्हणून तिकडेच अडकलेला. वसईतल्या एव्हरशाईन सिटीतला त्यांचा फ्लॅट कुलूप लावून बंद, आणि आठ वर्षांची नात आमच्याकडे भुईगावात. घरात आम्ही तिघं. मी, ती आणि आमचा म्हातारा. वाडीत केळी, थोडे नारळ, मागे बावखल. त्या तळ्यातल्या बेडकांचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी नात म्हणाली होती, "आजी, याचा व्हॉल्यूम कमी कर ना." मी म्हटलं, रिमोट तुझ्या आजोबांकडे आहे. ती खरंच मागायला गेली. म्हाताऱ्यानेही गंभीर चेहऱ्याने खिसे चाचपले.

झावळ्यांच्या रविवारी मुलगी अर्धा तास येऊन गेली होती. घरात नाही, फाटकापाशी. मास्क लावून, चिंचेच्या खाली उभी. नात इकडे ओट्यावर, मध्ये सगळं अंगण. तेवढ्या अंतरावरून आई लेकीला क्रूस विणायला शिकवत होती.

"खालून घाल. आता वळव. अगं उलटं नाही, माझ्याकडे बघ!"

"तुझ्याकडे कसं बघू? हाताकडे बघू की तुझ्याकडे?"

शेवटी वेडावाकडा का होईना, झाला. सुटू नये म्हणून नातीने केसांतलं गुलाबी रबर काढून मधोमध गुंडाळलं. मुलगी म्हणाली, "छान झाला. तसबिरीमागे ठेव. हा तिथे आहे ना, म्हणजे मी इथे आहे असं समज." मग ती स्कूटर वळवून गेली. रस्त्याला लागेपर्यंत तिने मागे बघितलं नाही. का बघितलं नाही ते मला कळलं, नातीला कळलं नाही. ती म्हणाली, "मम्मीने बाय पण केलं नाही." पण क्रूस तिने जपला. रोज सकाळी स्टूलवर चढून तसबिरीमागे डोकावायची. आहे, असं बघायची आणि मग ऑनलाइन शाळेला बसायची.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर जाळण्याचा मूर्खपणा अधिक मोठा.

वादळाच्या दिवशी सकाळपासूनच वारा वेगळा होता. आमच्याकडे समुद्राचा वारा रोजचाच, त्याचं कौतुक नाही. पण तो वारा घराला खांदा लावून ढकलत होता. म्हातारा पत्रे बांधायला शेडवर चढला, मी खालून शिव्या दिल्या, तो उतरला. वीज गेली. थोड्या वेळाने फोनची रेंज गेली. आंब्याच्या कैऱ्या धपाधप पडत होत्या. मग वाडीतून केळी मोडल्याचा आवाज यायला लागला. केळ मोडते तेव्हा आवाज फार होत नाही, ओला कपडा आपटल्यासारखा होतो. पण तो एकामागून एक येत राहिला.

मुलगी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायची. त्या दिवशी नात फोन हातात धरून घरभर फिरत होती. खिडकीशी, स्वयंपाकघरात, पलंगावर उभी राहून. "एक काडी पण नाहीये, आजी." फोनवरच्या रेंजच्या काड्या. जेवणाची वेळ निघून गेली. कॉल आला नाही.

आता खरं सांगते. मी घाबरले होते. वादळाला नाही. वादळं मी पुष्कळ बघितली. मुलीला दोन दिवस घशात खवखव होती आणि तिने टेस्ट केली होती. हे ती मला हळूच बोलली होती, नातीला माहीत नव्हतं. त्या दिवशी रिपोर्ट येणार होता, आणि त्याच दिवशी रेंज गेली. माझे हात स्वस्थ बसेनात. काहीतरी केलं पाहिजे असं झालं, आणि बाईमाणसाला 'काहीतरी केलं पाहिजे' असं झालं की घरातल्या वस्तूंनी जीव मुठीत धरावा.

मी करवंटी घेतली. निखारा कुठला, घरात गॅस. मेणबत्तीचं थोटूक ठेवलं. तसबिरीमागे हात घातला आणि हाताला लागला तो क्रूस जाळला. अख्खा. वारा हटेना. मग दुसरा. मी जोरजोरात नमो मरिया म्हणत होते आणि दाराच्या फटीतून धूर बाहेर ढकलत होते. वारा तोच धूर परत माझ्या तोंडावर आणत होता. तिसरा टाकला आणि रबर जळल्याचा वास आला.

वास ओळखायला मला एक क्षण लागला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं, करवंटी उलटली आणि जळतं पातं माझ्या गाऊनला चिकटलं. म्हाताऱ्याने मोरीतली बादली उचलून माझ्या अंगावर ओतली. आग विझली. बादलीत भिजत घातलेले त्याचे पायमोजे माझ्या खांद्यावर आले. तो काय म्हणाला ते आमच्या बोलीत लिहिलं तर छापणारा छापणार नाही.

नात दारात उभी होती. तिने खाली वाकून काळं झालेलं पातं उचललं. एक आडवा हात जळून गेला होता. रबर वितळून थेंब झालं होतं.

"हा मम्मीचा होता," ती म्हणाली.

रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलाला काय करायचं ते मला येतं. जवळ घ्यायचं, गूळ द्यायचा. ही रडली नाही. तिने मान वर करून विचारलं, "म्हणून फोन येत नाहीये ना?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का? वाऱ्याने टॉवर बंद पडलाय. आपण नवीन क्रूस करू, वाडीत झावळ्यांचा खच पडलाय."

"त्या झावळ्यांना फादरने आशीर्वाद दिलाय?"

पोरगी नियमाची पक्की. कुणाची नात!

आता इथे मला माझ्या तरुणपणाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तरुणपणी मी रविवारी चर्चच्या आवारात मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. द्यायचे म्हणजे कसं, तर वसूल करायचे. इस्त्रीची साडी, हातात पट्टी, आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा हात जोडायची. स्वतःला मी अर्धी सिस्टर, म्हणजे नन, समजत असे. नरकाचं वर्णन तर असं करायचे की जणू माझं माहेर तिथलं. मुलं घरी जाऊन अंथरुणं ओली करत, आणि आया मला सांगत, "टीचर, तुमच्यामुळे पोरगा प्रार्थना करायला लागला." मी मान डोलवायचे.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या वडिलांना कावीळ झाली. वाढली, इस्पितळात ठेवावं लागलं. मी तिला रोज संध्याकाळी तसबिरीपुढे गुडघ्यावर बसवायचे आणि जपमाळ पूर्ण केल्याशिवाय उठू द्यायचे नाही. पेंगायला लागली की दंडाला चिमटा. "तू झोपलीस तर पप्पांसाठी कोण मागणार?" असं विचारायचे. म्हातारा, म्हणजे तेव्हाचा तरुण, बरा होऊन घरी आला. मला वाटलं, बघा, चिमटे कामी आले. पुढे ही गोष्ट मी कितीतरी वर्षं तोऱ्यात सांगत आले. लॉकडाऊनमध्ये नातीलाही सांगितली होती. अगदी रंगवून, चिमटा कसा काढायचा त्याच्या अभिनयासह.

तर त्या दुपारी नात ओल्या जमिनीवर, तसबिरीसमोर, गुडघे टेकून बसली. जळका क्रूस मांडीवर. जपमाळ हातात. म्हणायला लागली. पहिला भाग झाला, दुसरा झाला. बाहेर काहीतरी मोठं कोसळलं. तिचे खांदे उडाले, पण ती थांबली नाही. मी म्हटलं, "चल, दोन घास खा." मान हलवली. म्हातारा म्हणाला, "बाळा, सतरंजीवर तरी बस." मान हलवली. आदल्या रात्री वाऱ्याने तिला नीट झोप लागली नव्हती. तिसऱ्या भागात डोळे मिटायला लागले, जीभ जड झाली. मग तिने फ्रॉकची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे केला.

"आजी, मी झोपले तर चिमटा काढ. मम्मीला काढायचीस तसा."

तो बारीक हात माझ्या तोंडासमोर. दुखेल म्हणून तिने आधीच डोळे घट्ट मिटून घेतले होते.

आयुष्यात मला खूप वेळा लाज वाटायला हवी होती आणि वाटली नाही. त्या दुपारी सगळी एकदम वाटली. मी तिची बाही खाली केली आणि शेजारी जमिनीवर बसले. माझे गुडघे कडकड वाजले. नात म्हणाली, "झाड पडलं?" मी म्हटलं, "नाही, आजी पडली."

ती हसली नाही. तिने विचारलं, "आजी, मम्मीला काही होणार नाही ना?"

धर्मशिक्षणाच्या टीचरकडे याचं उत्तर तयार असतं. चांगली प्रार्थना केलीस तर नाही होणार. हे वाक्य माझ्या जिभेवर बसून बसून तिथे घट्टा पडलेला. पण त्या महिन्यात आमच्याच आळीत एका घरी रोज जपमाळ चालू होती, अगदी मनापासून, आणि त्या घरातला कर्ता माणूस गेला. मग ती मुलं काय वाईट प्रार्थना करत होती? त्यांना मी काय सांगणार होते, की तुम्ही पेंगलात?

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

नातीने डोळे उघडले. मला काहीतरी माहीत नाही, असं माझ्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं असावं. म्हाताऱ्यानेसुद्धा पोतेरं फिरवता फिरवता मान वर केली.

"तुला माहीत नाही?"

"नाही. मला रेंज नाही, तुझ्यासारखीच. तुझ्या मम्मीची मलाही काळजी वाटते. मी घाबरले म्हणून तुझा क्रूस जाळला. चुकलं माझं."

"वारा थांबावा म्हणून जाळलास?"

"हो."

"थांबला नाही."

"नाही ना."

तिने जळका क्रूस उलटासुलटा करून बघितला. मग मी येशूच्या नावेची गोष्ट सुरू केली. वादळाची म्हणून तीच डोक्यात आली. ही गोष्ट मी वर्गात शंभरदा सांगितली असेल. समुद्रासारख्या मोठ्या तळ्यातून नाव चालली होती, वादळ आलं, पाणी आत यायला लागलं, शिष्य घाबरले, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता. वर्गात मी इथपर्यंत घाईघाईने यायचे. कारण मला पुढचा भाग आवडायचा, येशू शिष्यांना भित्रे म्हणतो तो. तो भाग मी पट्टी आपटून सांगायचे. नातीने मला तिथपर्यंत जाऊच दिलं नाही.

"नावेत उशी कुठून आली?"

"असेल कुणाचीतरी."

"समुद्रात उशी कोण नेतं?"

म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "आपल्याकडचे कोळी पण नेतात की. होडीत मागे गोणपाट टाकून पडतात. रात्रभर जाळी ओढून दमल्यावर."

"येशू दमला होता?"

"दिवसभर लोकांना बरं करत होता," मी म्हटलं. "एक गेला की दुसरा. जेवायलाही वेळ नाही."

"मम्मीसारखं."

"हो, मम्मीसारखं."

"मग नाव हलत असताना झोप लागली?"

"इतका दमला होता की लागली. आणि त्याला भीती नव्हती. बाप जागा आहे, असं माहीत होतं त्याला."

बाहेर वारा पत्रे खडखडवत होता. मग तिने मला असा प्रश्न विचारला जो इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने विचारला नाही. माझ्या पट्टीमुळे विचारला नसेल.

"त्याला उठवल्यावर तो ओरडला का त्यांना?"

"ओरडला थोडा."

"आधी त्यांना ओरडला की आधी वाऱ्याला?"

मला आठवावं लागलं. खरंच आठवावं लागलं. "आधी वाऱ्याला," मी म्हटलं. "उठला, आणि आधी वाऱ्याला गप्प केलं. त्यांना मागून बोलला."

"मग चालेल," ती म्हणाली. "म्हणजे उठवलं तर चालतं."

"चालतं."

"नीट बसून प्रार्थना नाही केली त्यांनी? जपमाळ?"

"जपमाळ नव्हती तेव्हा. नुसते ओरडले. आम्ही बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, असं ओरडले."

"येशूला असं बोलले?"

"बोलले. आणि त्याने ऐकलं."

नात उठली. स्टूल ओढून आणलं, त्यावर चढली, तसबिरीच्या अगदी तोंडासमोर तोंड नेलं आणि जोरात हाक मारली, "येशू! ऊठ! आम्ही इकडे आहोत, मम्मी तिकडे आहे, आणि फोन लागत नाहीये!"

माझे हात आपोआप कानाकडे गेले. आमच्या घरात त्या तसबिरीपुढे चार पिढ्यांत कुणी आवाज चढवला नसेल. सासू असती तर तिने आम्हा दोघींना फाटकाबाहेर काढलं असतं. म्हातारा पोतेरं हातात धरून उभाच राहिला. नात क्षणभर तशीच कान देऊन थांबली. मग स्टूलवरून उतरली.

"उठला?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याने थट्टेत विचारलं नव्हतं.

"उठला असेल. आता तो बघेल," ती म्हणाली. "आजी, माझी उशी दे."

मी आतून उशी आणली, कोरडी सतरंजी पसरली. ती तसबिरीखाली आडवी झाली. जळका क्रूस उशीखाली सरकवला, आणि 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणता म्हणता झोपली. अर्ध्यावर. मी तिला उठवलं नाही. उरलेली अर्धी मी म्हटली.

वारा थांबला नाही, हे मुद्दाम लिहिते. नाहीतर लोक चमत्काराची गोष्ट करतात. वारा संध्याकाळपर्यंत तसाच होता. केळीची जवळजवळ सगळी वाडी आडवी झाली, आणि शेवग्याचं झाड बावखलात गेलं. नात गाढ झोपली होती. तोंड उघडं, एक पाय सतरंजीबाहेर. आठवड्यात इतकी शांत झोप तिला लागली नव्हती. मला मात्र चैन नव्हतं. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि मनातल्या मनात रिपोर्टचं काय, रिपोर्टचं काय, असं करत राहिले. श्रद्धा शिकवणाऱ्यांची हीच तर गंमत आहे. आम्ही वाटतो पुष्कळ, स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचं राहून जातं. शेवटी मीही हळूच म्हटलं, उठलाच आहेस तर माझंही बघ. मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही. म्हातारा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची झाडं थोडी बाजूला झाल्यावर म्हातारा माझा फोन घेऊन सायकलवर निघाला आणि वसई गावाच्या बाजूला कुठेतरी रेंज मिळाली तिथे थांबला. घरी परतला तो घंटी वाजवत. फाटकातूनच ओरडला, "निगेटिव्ह! निगेटिव्ह आहे!"

नात म्हणाली, "कोण निगेटिव्ह?" तेव्हा मग तिला सगळं सांगावं लागलं. ती माझ्यावर चिडली. "मला का नाही सांगितलं? मी ते पण त्याला सांगितलं असतं ना!" तिचं बरोबर होतं. एवढ्या जोरात हाक मारायचीच होती, तर पूर्ण माहिती द्यायला हवी होती.

म्हाताऱ्याने पुढे सांगितलं, की वादळामुळे पुढच्या पाळीच्या नर्स पोचू शकल्या नाहीत, म्हणून मुलीने रिपोर्ट आल्यावर दोन पाळ्या सलग केल्या. आणि नंतर क्वार्टरवर जाऊन इतकी झोपली की याचे पहिले दोन फोन वाजलेले कळले नाहीत. नातीने माझ्याकडे असं बघितलं, जणू नावेची गोष्ट तिनेच मला सांगितली होती.

त्या आळीतल्या घरी, जिथला कर्ता माणूस गेला होता, तिथे मी नंतर जाऊ लागले. त्यांना काही शिकवायला नाही. पत्रे उडाले होते, स्वयंपाकाचे हाल होते, म्हणून डबा द्यायला. एकदा त्यांच्या धाकटीने मला विचारलं, "टीचर, पप्पा गेले तेव्हा मी झोपले होते. पाप लागतं?" मी सांगितलं, "नाही लागत. येशू स्वतः झोपायचा." तिला ते खरं वाटेना, म्हणून पुस्तक आणून दाखवलं. तिने उशीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती ओळ परत परत वाचली. मी गप्प बसले. गप्प बसणं मी उशिरा शिकले, पण आता बरं जमतं.

चर्च उघडल्यावर मी पापनिवेदनाला गेले आणि क्रूस जाळल्याचं सांगितलं. जाळीपलीकडची खुर्ची करकरायला लागली. मग फादर हसत होते असं लक्षात आलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक जपमाळ सांगितली. "बसून म्हणा," म्हणाले, "तुमचे गुडघे मला इथपर्यंत ऐकू येतात."

पुढच्या वर्षी मुलगी घरी आली, ड्युटी नेहमीची झाली, फ्लॅटचं कुलूप निघालं. राखेच्या बुधवाराच्या आधी चर्चचे लोक जुने क्रूस गोळा करायला आमच्या आळीत आले. नातीने जळका क्रूस स्वतः नेऊन दिला. मला वाटलं होतं देणार नाही. गोळा करणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा तर आधीच जळलाय गं." नात म्हणाली, "आमचं अर्धं काम आजीने करून ठेवलंय." ही जीभ तिला कुठून आली, यावर आमच्या घरात वाद नाही.

बुधवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तिघी मायलेकी कपाळावर राख घेऊन घरी आलो. उपासाचा दिवस, म्हणून एकदाच जेवण, भात आणि वालाची भाजी. नातीने ताटावर बसल्या बसल्या आईला सगळी हकिगत सांगितली. करवंटी, बादली, आजोबांचे पायमोजे, उशी, स्टूलवर चढून मारलेली हाक. काही गाळलं नाही. स्वतः दंड पुढे केला होता तेसुद्धा सांगितलं, आणि "पण आजीने चिमटा काढला नाही," हेही, जणू मी मोठा पराक्रम केला होता. मुलगी पायमोज्यांपर्यंत खूप हसली. पुढे हसायची थांबली. भात कालवता कालवता तिचा उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडे गेला, आणि शितं दंडाला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने ती पुसली.

मी म्हटलं, "दुखायचं का गं फार?"

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. पेशंटला खरं सांगायचं की नाही, हे ठरवताना ती अशी थांबत असणार. मग माझ्या ताटात आणखी भाजी वाढली आणि म्हणाली:

"मला चिमटे काढत बसलीस, आई. त्याला एक हाक मारली असतीस, तर मीपण झोपले असते."